बारा सेकंदांचा वाटा

तीन मिनिटं चाळीस सेकंदांचं एक गाणं घ्या. त्याचे अठरा तुकडे करा. अठरा शहरांतल्या अठरा जणांना एकेक तुकडा द्या आणि सांगा, की दीड महिन्यात तुझ्या वाट्याच्या बारा सेकंदांवर चित्रं बसवून मला पाठव. पैसे कुणालाच नाहीत. यातले बहुतेक जण एकमेकांना कधी भेटलेले नसतात, पुढे भेटतीलच असंही नाही. कुणाची परीक्षा तोंडावर आलेली, कुणी रात्रपाळीला जाणारा, कुणाचा संगणक आठ वर्षांचा जुना. तरीही फायली येऊन पडतात, त्या ओळीनं लावल्या जातात आणि पडद्यावर एक सलग व्हिडिओ धावू लागतो.

ॲनिमेच्या, म्हणजे जपानी चलच्चित्रांच्या, चाहत्यांमध्ये या प्रकाराला 'एमईपी' म्हणतात: मल्टी एडिटर प्रोजेक्ट. तयार दृश्यं न वापरता स्वतः चित्रं काढणारे चाहते त्यालाच 'मॅप' म्हणतात, मल्टी ॲनिमेटर प्रोजेक्ट. आपल्याकडे शेतात इर्जिक घालतात. एकाच्या रानात शेजारीपाजारी आपापले नांगर आणि बैल घेऊन उतरतात, दिवसात काम उरकतात आणि ज्याचं रान तो सगळ्यांना जेवू घालतो. एमईपीच्या आयोजकाला जेवूही घालता येत नाही. मग माणसं येतात कशी, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे शेवटपर्यंत टिकतात कशी? असे प्रकल्प पार पडतात की मध्येच विरतात, हे माझ्या मते कलेपेक्षा आखणीवर जास्त ठरतं. गाणं कुठे कापलं, दोन तुकड्यांमधला सांधा कुणी सांभाळायचा, आणि आयोजकानं दिलेला शब्द पाळला का, या तीन गोष्टींवर सगळा डोलारा उभा असतो.

गाण्यावर आपल्या आवडीची दृश्यं बसवण्याचा चाहत्यांचा छंद घरगुती व्हिडिओपेक्षा जुना आहे. १९७५ साली अमेरिकेत कँडी फाँग यांनी 'स्टार ट्रेक' मालिकेच्या संकलनात कापून टाकलेल्या फिल्मच्या तुकड्यांच्या स्लाइड केल्या आणि चाहत्यांमध्ये प्रचलित असलेल्या एका गमतीदार गाण्यावर त्या एकामागून एक दाखवल्या. पुढे घराघरांत व्हीसीआर आले आणि हा छंद टेपवर गेला. याला 'व्हिडिंग' म्हणू लागले. ती कला घडवली मुख्यतः बायकांनी, आणि हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण तंत्राचा इतिहास लिहिताना त्यांची नावं सहज गळून पडतात.

त्या काळचं काम जवळून पाहण्यासारखं आहे. दोन यंत्रं शेजारी ठेवायची, एकावर मालिकेची टेप चालवायची, दुसऱ्यावर हवं ते दृश्य उतरवून घ्यायचं. दुसरं यंत्र 'पॉझ'वरून सोडलं की टेप आधी थोडी मागे सरकायची आणि मग ध्वनिचित्र उतरू लागायचं. किती मागे, हे प्रत्येक यंत्राचं वेगळं. म्हणून बटण नेमकं कधी दाबायचं याचा अंदाज हाताला बसवून घ्यावा लागे. तुकडे सुरुवातीपासून शेवटपर्यंत क्रमानंच उतरवायचे. तिसरं दृश्य चुकलं हे दहाव्याला लक्षात आलं, तर तिसऱ्यापासून पुन्हा सुरुवात. शिवाय गाणं टेपवर चढायचं सगळ्यात शेवटी, सगळी दृश्यं लागल्यावर. म्हणजे चित्रं लावताना गाणं कानावर नाही. हातात स्टॉपवॉच, कागदावर प्रत्येक ओळीची सेकंदं, आणि त्या आकड्यांवर भरवसा. चांगली यंत्रं महाग होती, जागरण एकटीला पेलणारं नव्हतं, म्हणून चारपाच जणी एका घरी जमून शनिवार-रविवार काम करत. सामूहिक व्हिडिओची सुरुवात अशी गरजेतून झाली.

१९८२ साली जिम कापोश्टास या एकवीस वर्षांच्या तरुणानं असेच दोन व्हीसीआर जोडून 'स्टार ब्लेझर्स'मधली लढाईची दृश्यं बीटल्सच्या 'ऑल यू नीड इज लव्ह' या गाण्यावर बसवली. 'स्टार ब्लेझर्स' हे 'स्पेस बॅटलशिप यामातो' या जपानी मालिकेचं अमेरिकेत दाखवलेलं रूप. कानाला प्रेमाचं गाणं, डोळ्यांसमोर तोफांचा मारा. हा पहिला ॲनिमे म्युझिक व्हिडिओ, म्हणजे 'एएमव्ही', मानला जातो. पुढे संकलन संगणकावर आलं. २००० साली अशा व्हिडिओंची नोंद ठेवणारं 'ॲनिमेम्युझिकव्हिडिओज डॉट ऑर्ग' हे संकेतस्थळ सुरू झालं आणि एका देशातला संकलक दुसऱ्या खंडातल्या संकलकाला नावानं ओळखू लागला. २००४ साली 'एएमव्ही हेल' आला. काही सेकंदांचे विनोदी तुकडे एकापाठोपाठ गुंफलेला तो लांबलचक व्हिडिओ होता, आणि त्याच्या पुढच्या भागांत कितीतरी संकलकांचा हात लागला. व्हीसीआरच्या काळात माणसं यंत्राभोवती जमायची, आता ती एका फाईलभोवती जमू लागली. आणि एका घरात बसून जे बोलता बोलता ठरायचं, ते सगळं आता आधी लिहून ठरवावं लागू लागलं.

ते लिहून ठरवणं म्हणजेच आयोजकाचं काम.

पहिला निर्णय गाण्याचा. एकट्यानं व्हिडिओ करायला जे गाणं उत्तम, ते अठरा जणांसाठी उत्तम असेलच असं नाही. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच भावात हळूहळू चढत जाणारं गाणं एका माणसाच्या हातीच शोभतं, कारण चढण कुठे किती ठेवायची हे त्याच्या एकट्याच्या मनात असतं. अनेकांसाठी हवं ते कप्पे असलेलं गाणं: स्पष्ट मुखडा, वेगवेगळ्या रंगाचे अंतरे, मधे वाद्यांचा तुकडा, शेवटी उसळी.

मग कापणी. नवशिका आयोजक भागाकार करतो. दोनशे वीस सेकंद भागिले अठरा, म्हणून प्रत्येकाला बारा सेकंद. असं केलं की कुणाचा तुकडा शब्दाच्या मधोमध सुरू होतो, कुणाचा सूर अर्ध्यावर तुटतो. गाणं घड्याळानं कापायचं नसतं, कानानं कापायचं असतं. तालाचं आवर्तन जिथे पूर्ण होतं, गाणारा जिथे श्वास घेतो, तिथेच सुरी चालवायची. त्यामुळे एकाचा तुकडा नऊ सेकंदांचा होतो, दुसऱ्याचा सोळाचा, आणि ते योग्यच आहे. गाण्यातली सगळ्यात जोरकस जागा, मुखड्यावर परत येण्याची, नेहमी नव्या तुकड्याच्या पहिल्या फ्रेमवर यावी. ती आधीच्या तुकड्याच्या शेवटी राहिली तर आधीच्यानं केलेली तयारी वाया जाते आणि नंतरच्याला सुरुवातीला काहीच मिळत नाही.

हे झालं की तक्ता करायचा: तुकड्याचा क्रमांक, सुरुवात आणि शेवट सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत, त्यात येणारे शब्द, आणि पुढे रिकामी चौकट. त्या चौकटीत नाव येतं. वाटप करताना एक गोष्ट हमखास घडते. मुखड्याचे तुकडे पहिल्या दिवशी जातात आणि मधला, आवाज खाली आलेला, दोनच वाद्यांचा संथ तुकडा कुणालाच नको असतो. तिथे दाखवायला काही नाही असं वाटतं. खरं तर गाण्याचा श्वास तिथेच असतो आणि बघणाऱ्याला उसंत तिथेच मिळते. तो तुकडा आयोजकानं स्वतःकडे घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. मानाचं पान सोडून उरलेलं काम उचलणाऱ्याचंच लोक पुढे ऐकतात.

तंत्राचे नियम कंटाळवाणे वाटतात, पण बहुतेक प्रकल्प इथे घसरतात. सगळ्यांनी एकच ध्वनिफाईल वापरायची, आणि ती आयोजकानं दिलेलीच. ज्यानं त्यानं आपापल्याकडचं गाणं घेतलं तर कुणाच्या प्रतीत सुरुवातीला अर्धा सेकंद शांतता जास्त निघते, कुणाकडे दुसऱ्याच अल्बममधली प्रत असते. फाईल एमपीथ्री नको, डब्ल्यूएव्ही हवी. यामागे एक बारीक कारण आहे. एमपीथ्री करताना आणि पुन्हा उघडताना ध्वनीच्या सुरुवातीला थोडी रिकामी जागा शिरते. 'लेम' या सर्रास वापरल्या जाणाऱ्या एन्कोडरमध्ये ती साधारण अकराशे नमुन्यांची असते, आणि सेकंदाला ४४,१०० नमुने धरले तर सेकंदाचा चाळिसावा भाग. सेकंदाला चोवीस चित्रं धरली तर अर्ध्याहून जास्त फ्रेम. काही सॉफ्टवेअर ती जागा काढून टाकतात, काही नाहीत. ढोलाचा ठोका आणि पडद्यावरचा ठोसा एकाच क्षणी यावा म्हणून रात्र जागवलेल्या माणसाचं काम अशा अर्ध्या फ्रेमनं बिघडतं, आणि त्यात त्याची काही चूक नसते.

तीच गोष्ट फ्रेम रेटची. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा, पण अमेरिकी दूरचित्रवाणीच्या पद्धतीत तो २३.९७६ होतो. फरक हजारात एकाचा. एका तुकड्यात तो दिसतसुद्धा नाही. अठरा तुकडे सलग लावले की गाण्याच्या शेवटाला पाच फ्रेमचा फरक साचतो आणि ओठ एका जागी, शब्द दुसऱ्या जागी असं होतं. कुणी २५ चा तुकडा पाठवला तर तो २४ मध्ये बसवताना दर सेकंदाला एक चित्र गाळावं लागतं आणि हालचाल ठेचकाळू लागते. डीव्हीडीवरून घेतलेली दृश्यं नीट साफ केली नाहीत तर हलत्या आकृतीच्या कडांवर कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेषा उमटतात. छोट्या खिडकीत त्या लपतात, मोठ्या पडद्यावर लपत नाहीत.

आणि फाईलचा आकार. १९२० बाय १०८० चं एक चित्र, प्रत्येक बिंदूला तीन बाइट धरले, तर सहा मेगाबाइटच्या वर जातं. बारा सेकंदांचे होतात पावणेदोन जीबी. म्हणून लोक ते दाबून पाठवतात. आयोजक सगळे तुकडे जोडून पुन्हा एकदा दाबतो, व्हिडिओ चढवल्यावर संकेतस्थळ तिसऱ्यांदा दाबतं. झेरॉक्सची झेरॉक्स काढावी तसं होतं. काळोखी दृश्यांत चौकोन दिसू लागतात. यावर उपाय म्हणजे 'लॉसलेस' कोडेक. त्यात फाईल बरीच लहान होते आणि एकही बिंदू बदलत नाही. हळू इंटरनेटवर अशी फाईल चढवायला वेळ लागतो, तेव्हा ज्याच्याकडे तेवढी सोय नाही त्याला मुदत दोन दिवस आधीची द्यायची नसते, दोन दिवस नंतरची द्यायची असते. नियम लिहिताना सगळ्यात कमकुवत संगणक असलेल्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवावं.

आता सांधा. शिंपी कापड बेतताना शिलाईसाठी चारही बाजूंनी कापड जास्तीचं सोडतो. तसं प्रत्येकानं आपल्या तुकड्याच्या दोन्ही टोकांना अर्धा-एक सेकंद जास्तीचं चित्र ठेवायचं. मग एका दृश्यातून दुसऱ्यात विरघळत जायचं असेल तर जोडणाऱ्याच्या हाती काहीतरी असतं. ते नसेल तर प्रत्येक सांध्यावर ठोकळ्यासारखा कट पडतो. सांधा कुणी करायचा हेही आधीच ठरलेलं बरं. माझ्या पाहण्यात सगळ्यात चांगली चालणारी पद्धत अशी: प्रत्येकानं आपली शेवटची फ्रेम, काम पूर्ण होण्याआधीच, पुढच्याला पाठवायची, आणि तिथून आपल्या दृश्यात कसं शिरायचं हे पुढच्यानं ठरवायचं. आधीच्याच्या दृश्यात पात्र डावीकडे धावत असेल, तर पुढचा आपलं पात्रही डावीकडेच धावताना दाखवतो. आधीच्यानं डोळा मिटवून संपवलं, तर पुढचा डोळा उघडून सुरू करतो. कधी एकमेकांशी शब्दही न बोललेली दोन माणसं त्या एका चित्रातून एकमेकांच्या मनातलं ओळखतात. असा जुळलेला सांधा बघणाऱ्याला कळतसुद्धा नाही, आणि ज्यांनी तो जुळवला ते तो पुन्हा पुन्हा मागे नेऊन बघतात.

चित्रं काढणाऱ्यांच्या मॅपमध्ये हे सगळं अधिक अवघड होतं. 'वॉरियर्स' ही रानात टोळ्या करून राहणाऱ्या मांजरांची कादंबरीमाला २००३ पासून निघते आहे. लेखिकेचं नाव एरिन हंटर, पण ती एक व्यक्ती नाही, अनेकजणींनी मिळून घेतलेलं ते नाव आहे. या मांजरांच्या चाहत्यांनी, त्यातले कितीतरी शाळकरी वयाचे, ढिगानं मॅप केले आहेत. आता हिशेब बघा. प्रत्येक चित्र दोन फ्रेम टिकवलं, तरी सेकंदाला बारा चित्रं लागतात. बारा सेकंदांची एकशे चव्वेचाळीस. आधी कच्च्या रेषा, मग पक्क्या, मग रंग, मग पार्श्वभूमी. शाळेतून आल्यावर रोज चार चित्रं काढणाऱ्या मुलीला त्याला छत्तीस दिवस लागतील, एकही दिवस न चुकता. बारा सेकंद हा शब्द ऐकायला हलका आहे, म्हणून पोरं उत्साहानं तुकडा मागून घेतात आणि तिसऱ्या आठवड्यात त्यांचा आवाज बंद होतो.

अशी गळती प्रत्येक प्रकल्पात होते. ती होणार हे धरून चालायचं, आणि त्यासाठी सुरुवातीपासून राखीव माणसं ठेवायची. त्यांना 'बॅकअप' म्हणतात. कुणी गळालं की तो तुकडा त्यांच्याकडे जातो. पण खरी काळजी घ्यायची ती गळणाऱ्याची. काम होत नाही हे सांगायची लाज वाटते म्हणून माणूस गप्प बसतो, संदेशांना उत्तर देत नाही आणि शेवटच्या दिवशी नाहीसा होतो. त्याला दोष देऊन उपयोग नसतो. त्याला लवकर बोलता येईल अशी जागा करून द्यावी लागते. मुदतीच्या मध्यावर प्रत्येकानं झालेलं काम दाखवायचं, असा नियम त्यासाठीच असतो. काम अर्धवट असो, रंग न भरलेलं असो, तीनच सेकंद झालेलं असो, पण दाखवायचं. तिथे सुधारणा सुचवण्याची घाई करू नये. काम आहे की नाही, एवढंच पाहावं. ज्याचं काहीच झालेलं नाही त्याला त्या दिवशी सन्मानानं बाजूला होता येतं आणि बॅकअपला तीन आठवडे मिळतात.

मुदत पुढे ढकलण्याबद्दल माझं मत कडक आहे. एकदा ढकला, कारण सांगून, नवी तारीख पक्की करून. दुसऱ्यांदा ढकललीत की वेळेवर काम दिलेल्या बारा जणांचा तुमच्यावरचा विश्वास जातो. आयोजक उशीर करणाऱ्यांशी बोलण्यात इतका गुंतलेला असतो, की ज्यांनी दिलं त्यांना साधी पोच द्यायची राहून जाते. 'फाईल मिळाली, उघडून पाहिली, सेकंद बरोबर आहेत, आठव्या सेकंदाला तिचा हात वर येतो ते फार आवडलं', एवढं लिहायला दोन मिनिटं लागतात. ज्याला हे वाक्य मिळालं तो पुढच्या प्रकल्पालाही येतो.

सगळेच सामूहिक व्हिडिओ सांधे लपवत नाहीत, हेही सांगायला हवं. २००९ साली केसी प्यू या अमेरिकी तरुणानं 'स्टार वॉर्स' हा अख्खा सिनेमा पंधरा-पंधरा सेकंदांच्या ४७३ तुकड्यांत कापला आणि लोकांना सांगितलं, की एकेक घ्या आणि तीस दिवसांत आपल्या पद्धतीनं पुन्हा चित्रित करा. कुणी पुठ्ठ्याची यानं केली, कुणी खेळण्यांना नाचवलं, कुणी घरच्यांना वेष चढवले. दर पंधरा सेकंदांनी सगळं जग बदलतं, आणि मजा त्या बदलातच आहे. 'स्टार वॉर्स अनकट' या नावानं तो पुढे प्रसिद्ध झाला आणि २०१० साली त्याला एमी पुरस्कार मिळाला. तिथे सूत धरून ठेवायला मूळ सिनेमा होता, तो सगळ्यांना पाठ होता. गाण्याच्या व्हिडिओत गाणं ते काम करतं, पण थोडंच. चित्रांचं सूत आयोजकालाच धरावं लागतं.

समूहगायनाची गोष्ट आणखी वेगळी. अमेरिकी संगीतकार एरिक व्हिटेकर यांना एका चाहतीनं त्यांच्या रचनेतला आपल्या आवाजाचा भाग एकटीनं गाऊन व्हिडिओ पाठवला. त्यावरून त्यांना सुचलं, की अनेकांनी असं एकेकटं गायलं आणि ते जोडलं तर? त्यांनी आवाज न करता, फक्त हातांनी संचालन करतानाचा आपला व्हिडिओ केला, त्याला पियानोची साथ जोडली, आणि गाणाऱ्यांना तो पाहत गायला सांगितलं. २०१० साली बारा देशांतले १८५ आवाज एकत्र आले, पुढच्या वर्षी ५८ देशांतले दोन हजारांवर. एमईपीतल्या एका ध्वनिफाईलचं आणि व्हिटेकरांच्या त्या मूक हातांचं काम एकच आहे.

आणि काही चाहते सगळे तुकडे एका मैदानातच आणतात. इटलीतलं चेझेना हे मध्यम आकाराचं शहर. तिथे अमेरिकेतला 'फू फायटर्स' हा रॉक बँड कधी येईल अशी चिन्हं नव्हती. फाबियो झाफान्यीनी या भूशास्त्रज्ञानं ठरवलं, की एक हजार वादक-गायक जमवायचे, त्यांनी मिळून त्या बँडचं 'लर्न टू फ्लाय' वाजवायचं, त्याचा व्हिडिओ करायचा आणि बँडला निमंत्रण म्हणून पाठवायचा. लोकवर्गणी जमवली. वादक इटलीभरातून स्वखर्चानं आले. २६ जुलै २०१५ ला शहरातल्या एका उद्यानाच्या मैदानावर २५० ड्रम वाजवणारे, ३५० गिटारवाले, १५० बेस गिटारवाले आणि २५० गाणारे उभे राहिले.

इथे संगणकावरच्या फ्रेमऐवजी हवेचा प्रश्न होता. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. शंभर मीटरवरच्या ड्रमचा ठोका कानाशी पोचायला जवळजवळ तीन दशांश सेकंद लागतात. मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत दोन ठोक्यांमधलं अंतर अर्ध्या सेकंदाचं, म्हणजे लांबच्या वादकाच्या आवाजाबरोबर जाऊ पाहणारा अर्ध्याहून जास्त ठोका मागे पडणार. मोठ्या मिरवणुकीत ढोलपथकाच्या पहिल्या आणि शेवटच्या रांगेत जो फरक ऐकू येतो तोच हा. डोळ्यांना मात्र असा उशीर लागत नाही. म्हणून उंच मचाणावर संचालक मार्को साब्यू उभे होते आणि हजार जणांनी कानापेक्षा डोळ्यांवर भिस्त ठेवायची होती. त्या व्हिडिओत ड्रमच्या काठ्या एकदम वर जातात आणि एकदम खाली येतात. तो क्षण मी कितीही वेळा पाहिला तरी अंगावर काटा येतो, कारण त्या एका ठोक्यामागे किती पत्रव्यवहार, किती याद्या आणि किती फोन असतील हे दिसू लागतं. व्हिडिओ ३० जुलैला लोकांसमोर आला. बँडचा गायक डेव्ह ग्रोल यानं इटालियनमध्ये बोलून व्हिडिओनंच उत्तर दिलं, आणि ३ नोव्हेंबर २०१५ ला 'फू फायटर्स' चेझेनात येऊन वाजवून गेला.

सगळ्याच मूळ मालकांना चाहत्यांचं प्रेम असं रुचत नाही. नोव्हेंबर २००५ मध्ये 'विंड-अप रेकॉर्ड्स' या कंपनीनं आपल्या कलाकारांची गाणी वापरलेले व्हिडिओ काढून टाकायला सांगितलं आणि ॲनिमेच्या त्या संकेतस्थळावरून सुमारे तीन हजार व्हिडिओ उतरवावे लागले. 'इव्हानेसन्स' या बँडच्या गाण्यांवर तेव्हा चाहत्यांचा विशेष जीव होता. २०१० साली अमेरिकेत एक दिलासा मिळाला. बिगरव्यापारी रिमिक्स व्हिडिओसाठी डीव्हीडीचं कुलूप उघडून दृश्यं घ्यायला सूट देण्यात आली. ती मिळवण्यासाठी २००७ साली स्थापन झालेली, चाहत्यांचीच 'ऑर्गनायझेशन फॉर ट्रान्सफॉर्मेटिव्ह वर्क्स' ही संस्था झटली होती. २०१५ साली तिथल्या एका अपील न्यायालयानं सांगितलं, की व्हिडिओ काढून टाकण्याची नोटीस देण्याआधी तो वापर न्याय्य आहे का याचा विचार मालकानं करायलाच हवा. आपल्याकडे १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. त्याच्या ५२ व्या कलमात खाजगी वापर, समीक्षा, चालू घडामोडींचं वार्तांकन अशा सवलती नेमून दिल्या आहेत. चाहत्यांच्या रिमिक्सचा त्यात वेगळा उल्लेख नाही. म्हणून इथून भाग घेणाऱ्यानं पैसे न घेणं, मूळ गाण्याचं आणि मालिकेचं नाव स्पष्ट लिहिणं आणि व्हिडिओ एखाद्या दिवशी उतरेल याची तयारी ठेवणं, एवढं तरी करावं.

ती तयारी म्हणजे मूळ तुकडे जपणं. व्हिडिओ चढवला, चार लोकांनी वाहवा केली, की आयोजक जागा मोकळी करायला अठरा मोठ्या फायली पुसून टाकतो. तसं करू नये. प्रत्येक फाईलच्या नावात आधी क्रमांक, मग करणाऱ्याचं नाव असावं. शेजारी तक्ता असावा, गाण्याची डब्ल्यूएव्ही असावी, आणि शेवटच्या नामावलीसाठी प्रत्येकानं आपलं नाव जसं लिहून दिलं तसंच जपलेलं असावं, कारण त्यातली काही खरी नावं असतात, काही घेतलेली, आणि कुणाला कुठलं हवं हे त्यांचं त्यांनी ठरवलेलं असतं. बॅकअपनं चार दिवसांत उचललेला तुकडा असेल तर त्याचं नाव त्या तुकड्यापुढेच यावं, तळाशी 'साहाय्य' म्हणून नाही. ही सगळी सामग्री दोन वेगळ्या डिस्कवर उतरवून ठेवायची आणि एकीचा पत्ता गटातल्या आणखी एकाला सांगून ठेवायचा. चारपाच वर्षांनी कुणीतरी विचारतंच, 'माझा अकरावा तुकडा आहे का तुझ्याकडे? माझा संगणक गेला.' तेव्हा कपाटातून डिस्क काढून ती फाईल त्याला पाठवता यायला हवी.